८ न्यूटन आणि ५ न्यूटन: परिणामी बल किती असू शकतं, किती असू शकत नाही

एका बिंदूवर ८ न्यूटन आणि ५ न्यूटनची दोन बलं लागलेली आहेत. त्यांचं परिणामी बल, म्हणजे दोघांचा मिळून होणारा परिणाम एकट्याने घडवणारं बल, पुढीलपैकी किती असू शकत नाही: ३, ७, १०, १३ की १४ न्यूटन?

कोनच दिलेला नाही, मग गणित सोडवायचं कसं, ही अकरावीतल्या मुलांची पहिली तक्रार. ती अर्धी बरोबर आहे. कोन माहीत नसेल तर परिणामी बलाचा एकच एक आकडा सांगता येत नाही. पण कोणते आकडे येऊ शकतात आणि कोणते काही केल्या येणार नाहीत, हे मात्र ठामपणे सांगता येतं आणि त्यासाठी सूत्राचीही गरज पडत नाही. नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला क्लासला जाणारी हुशार मुलंसुद्धा आधी सूत्र पाठ करतात. मग कुठेतरी चिन्ह चुकतं, उत्तर १४ न्यूटन येतं आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. ते खटकलं पाहिजे. माझं ठाम मत आहे की परिणामी बल शिकताना आधी हद्द कळावी आणि सूत्र नंतर यावं. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

जवळ कोरा कागद, पट्टी, कंपास आणि कोनमापक घेऊन बसा. नुसतं वाचून हा विषय डोक्यात बसत नाही.

पहिली पायरी: ही बलं एकत्र करायची आहेत ना?

बेरजेला हात घालण्याआधी तीन गोष्टी बघायच्या.

दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागताहेत का? पुस्तक टेबलाला खाली दाबतं आणि टेबल पुस्तकाला वर ढकलतं. ही दोन बलं समान आणि विरुद्ध आहेत, पण एक टेबलावर लागतं आणि दुसरं पुस्तकावर. त्यांचं परिणामी बल शून्य, असं लिहिणं चूक आहे, कारण त्यांची बेरीज करायचीच नसते.

दोन्हींचं एकक एकच आहे का? एक बल न्यूटनमध्ये आणि दुसरं किलोग्रॅम-बलात दिलं असेल तर आधी एकक जुळवा. १ किलोग्रॅम-बल म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. तोंडी हिशेबासाठी १० धरलं तरी चालतं.

आणि दोन्ही बलं एका बिंदूवर लागताहेत का? वेगवेगळ्या ठिकाणी लागत असतील तर वस्तू गरगर फिरण्याचा मुद्दा येतो, तो वेगळा विषय. इथे आपण एका बिंदूवरच्या बलांपुरतंच बोलू.

दुसरी पायरी: दोन टोकं लिहून टाका

दोन्ही बलं एकाच दिशेने लागली तर परिणामी बल सर्वांत मोठं: ८ + ५ = १३ न्यूटन. अगदी विरुद्ध दिशेने लागली तर सर्वांत लहान: ८ − ५ = ३ न्यूटन, तेही मोठ्या बलाच्या दिशेने. वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहान अशीच करायची. परिणामी बलाचं परिमाण ऋण नसतं.

म्हणजे ८ आणि ५ न्यूटनच्या बलांची हद्द ३ ते १३. ही दोन्ही टोकंसुद्धा हद्दीत धरायची. सुरुवातीच्या प्रश्नातला १४ हा आकडा हद्दीबाहेर आहे, म्हणून तेच उत्तर. पाच सेकंदांचं काम.

कागदावर कुठलंही गणित सुरू करताना समासात ही दोन टोकं लिहून ठेवायची सवय लावा. पुढे चार ओळींचं गणित करून काहीही उत्तर आलं तरी ते आधी समासातल्या आकड्यांशी ताडून बघता येतं.

तिसरी पायरी: मधले सगळे आकडे येतात, हे कंपासने बघा

टोकं पटतात. पण ३ आणि १३ च्या मधला प्रत्येक आकडा येऊ शकतो, ७ येईल, १० येईल, ९.४३ सुद्धा येईल, हे कशावरून? पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. मी इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण विषयाचा गाभा इथेच आहे.

कागदाच्या मधोमध डावीकडून उजवीकडे ८ सेंटिमीटरचा आडवा बाण काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १ न्यूटन. बाण जिथून सुरू होतो त्या बिंदूला ‘अ’ म्हणा आणि टोकाला ‘ब’. आता कंपासमध्ये ५ सेंटिमीटर अंतर घ्या, सुई ‘ब’ वर ठेवा आणि पूर्ण वर्तुळ काढा. ‘ब’ पासून त्या वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंत काढलेला बाण म्हणजे आपलं ५ न्यूटनचं बल. त्याची लांबी ठरलेली आहे, दिशा मात्र मोकळी आहे, म्हणूनच वर्तुळ. आणि ‘अ’ पासून त्याच बिंदूपर्यंतची सरळ रेघ म्हणजे परिणामी बल.

आता पट्टीचं शून्य ‘अ’ वर ठेवा आणि वर्तुळावरच्या वेगवेगळ्या बिंदूंपर्यंतचं अंतर मोजत जा. वर्तुळाचा अगदी उजवा बिंदू ‘अ’ पासून १३ सेंटिमीटरवर आहे, अगदी डावा ३ सेंटिमीटरवर. उजव्या बिंदूवर पेन्सिल टेकवून वर्तुळावरून हळूहळू डाव्या बिंदूकडे न्या. अंतर १३ वरून कमी होत होत ३ वर येतं. पेन्सिल कुठे उडी मारत नाही, त्यामुळे मधला एकही आकडा सुटत नाही. ३ ते १३ मधलं प्रत्येक मूल्य शक्य आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

आता उलटं करा. कंपासमध्ये ७ सेंटिमीटर घ्या, सुई ‘अ’ वर ठेवून कंस मारा. तो वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल, एक वर आणि एक खाली. म्हणजे ७ न्यूटन शक्य आहे, आणि लहान बल ज्या दोन दिशांनी लावल्यावर ते मिळतं त्या दोन्ही दिशा तुमच्यासमोर कागदावर आहेत. कंपासमध्ये १४ घेतलंत तर कंस वर्तुळाच्या बाहेरून निघून जाईल. २ घेतलंत तर वर्तुळापर्यंत पोहोचणारच नाही. अशक्य म्हणजे काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

याच आकृतीत आणखी एक गोष्ट आहे. ‘अ’ हा बिंदू वर्तुळाच्या बाहेर आहे, कारण ८ हे ५ पेक्षा मोठं आहे. म्हणून ८ आणि ५ ची बलं एकमेकांना कधीच पूर्ण निष्प्रभ करू शकत नाहीत. पहिला बाणही ५ सेंटिमीटरचा काढला असता तर वर्तुळ बरोबर ‘अ’ मधून गेलं असतं आणि शून्य हाती लागलं असतं. दोन बलांचं परिणामी बल शून्य होण्यासाठी ती समानच असावी लागतात आणि विरुद्ध दिशेनेच लागावी लागतात. दुसरी वाट नाही.

चौथी पायरी: कोन दिला असेल तर सूत्र

आता सूत्राची पाळी. एक बल पी, दुसरं क्यू, दोघांतला कोन थीटा, परिणामी बल आर. तर

आरचा वर्ग = पीचा वर्ग + क्यूचा वर्ग + २ × पी × क्यू × कॉस थीटा

८ आणि ५ घेऊन वेगवेगळे कोन टाकून बघू. दोन्ही वर्गांची बेरीज ६४ + २५ = ८९ आणि २ × ८ × ५ = ८०. म्हणजे दर वेळी फक्त ८९ मध्ये ८० × कॉस थीटा मिळवायचं.

० अंश: ८९ + ८० = १६९, आर = १३
६० अंश: ८९ + ४० = १२९, आर = ११.३६
९० अंश: ८९ + ० = ८९, आर = ९.४३
१२० अंश: ८९ − ४० = ४९, आर = ७
१८० अंश: ८९ − ८० = ९, आर = ३

कोन वाढतो तसं परिणामी बल कमी होतं. पण समान वेगाने नाही. ० पासून ६० अंशांपर्यंत ते १३ वरून ११.३६ वर येतं, जेमतेम दीडेक न्यूटनने कमी होतं. पुढच्या ६० अंशांत ते ११.३६ वरून थेट ७ वर उतरतं. अर्धा कोन म्हणजे ९० अंश, म्हणून परिणामी बल ३ आणि १३ च्या मधोमध ८ असेल, असा अंदाज कोणी केला तर तो चुकतो.

चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीत श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, तेव्हा दोरखंड धरून रथ ओढणाऱ्यांकडे या नजरेने बघा. गर्दीत दोर थोडे फाकतातच. हिशेबापुरतं धरू की दोन दोर आहेत आणि प्रत्येकावर ६०० न्यूटनचा जोर आहे. दोर समांतर असतील तर रथाला १२०० न्यूटन मिळतात. दोरांत ३० अंशांचा कोन पडला तरी सुमारे ११५९ न्यूटन मिळतात, म्हणजे शंभरातले साडेतीनसुद्धा वाया जात नाहीत. कोन ६० अंश झाला तर १०३९. दोर थोडे फाकले म्हणून रथ अडत नाही, पण फार फाकले तर माणसं तेवढीच राहून जोर कमी पडू लागतो, त्याचं कारण हे.

ज्या कोनात मुलं हमखास फसतात

तिसऱ्या पायरीत ७ सेंटिमीटरचा कंस मारला होता ना, त्या आकृतीत ‘ब’ पाशी त्रिकोणाच्या आतला कोन कोनमापकाने मोजा. तो ६० अंश भरेल. पण वरच्या यादीत ७ न्यूटन तर १२० अंशांसमोर आहेत. चूक कुठे आहे?

चूक कुठेच नाही. दोन बलांमधला कोन म्हणजे दोन्ही बाणांची शेपटं एका बिंदूवर आणल्यावर त्यांच्यात जो कोन दिसतो तो. त्रिकोणात मात्र दुसऱ्या बाणाचं शेपूट पहिल्याच्या टोकाला लावलेलं असतं. तिथे आतला कोन १८० वजा थीटा एवढा असतो. ‘अ-ब’ रेघ ‘ब’ च्या पुढे वाढवा आणि त्या वाढवलेल्या भागापासून मोजा, बरोबर १२० येतील.

गणिताच्या पुस्तकात त्रिकोणासाठी कोसाइनचा नियम वजा चिन्हाने येतो आणि भौतिकशास्त्रात बलांचं सूत्र अधिक चिन्हाने येतं, त्याचं मूळ इथेच आहे. दोन्ही सूत्रं एकच गोष्ट सांगतात, फक्त कोन वेगळा धरलेला असतो. ज्याला हे कळलं त्याला अधिक की वजा हे पाठ करावं लागत नाही. प्रश्नात आकृती दिलेली असेल तर आधी बाण सरकवा, शेपटं जुळवा आणि मगच कोन लिहा.

पाचवी पायरी: दिशा

बल म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही. नुसतं ७ न्यूटन लिहून थांबलात तर उत्तर अपुरं राहतं. पी या बलापासून परिणामी बल ज्या कोनात झुकतं त्याला आल्फा म्हणू. मग

टॅन आल्फा = क्यू × साइन थीटा ÷ (पी + क्यू × कॉस थीटा)

८ आणि ५, कोन १२०: वर ५ × ०.८६६ = ४.३३, खाली ८ − २.५ = ५.५. भागाकार ०.७८७, आल्फा सुमारे ३८.२ अंश. दोन बलांत १२० अंश होते, त्यातले ३८.२ मोठ्या बलाच्या बाजूला आणि उरलेले ८१.८ लहान बलाच्या बाजूला. परिणामी बल नेहमी मोठ्या बलाकडे झुकतं. तुमचं उत्तर लहान बलाकडे झुकलं असेल तर पी आणि क्यूची अदलाबदल झाली आहे, तपासा.

खालची राशी ऋण आली तर जपून. उदाहरणार्थ, ३ न्यूटनच्या बलापासून कोन मोजायचा आहे, दुसरं बल ८ न्यूटन आणि मधला कोन १२० अंश. खाली ३ − ४ = −१ येतं, वर ६.९३. कॅल्क्युलेटर −८१.८ अंश दाखवेल. त्यात १८० मिळवा: ९८.२ अंश. हे खरं उत्तर.

आणि या उदाहरणाचं परिमाण काढून बघा: ९ + ६४ − २४ = ४९, म्हणजे पुन्हा ७ न्यूटन! १२० अंशांच्या कोनात ८ बरोबर ५ घेतलं तरी ७ आणि ३ घेतलं तरी ७. दुसरं बल कमी केलं तरी परिणामी बल तेवढंच राहिलं. कंपासची आकृती असेल तर कोडं सुटतं. १२० अंशांची दिशा कायम ठेवून दुसरा बाण ‘ब’ पासून लांबवत गेलात तर त्याचं टोक आधी ‘अ’ च्या जवळ येतं आणि मग दूर जातं. सर्वांत जवळ ते ४ न्यूटनला येतं, तेव्हा परिणामी बल ६.९३ असतं. ३ आणि ५ हे त्या ४ च्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर आहेत, म्हणून दोघांचं उत्तर एक. मला या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते, आणि सूत्रात आकडे टाकत बसणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

सहावी पायरी: परिणामी बल दिलंय, कोन काढा

हद्दीचा प्रश्न उलटा विचारला की असा होतो. सूत्र फिरवा:

कॉस थीटा = (आरचा वर्ग − पीचा वर्ग − क्यूचा वर्ग) ÷ (२ × पी × क्यू)

८ आणि ५ चं परिणामी बल १० हवं असेल तर (१०० − ८९) ÷ ८० = ०.१३७५, म्हणजे कोन सुमारे ८२.१ अंश. १४ हवं असेल तर (१९६ − ८९) ÷ ८० = १.३४. कॉस कधी १ च्या वर जात नाही, त्यामुळे कॅल्क्युलेटर इथे चूक दाखवतो. २ हवं असेल तर (४ − ८९) ÷ ८० = −१.०६, तेही अशक्य. हद्दीचा नियम सूत्राच्या पोटात असा दडलेला आहे: कॉस −१ ते १ यांच्या मध्ये असला तरच परिणामी बल शक्य.

समान बलं आणि टोमॅटोचं क्रेट

दोन्ही बलं समान असतील तर सूत्र आणखी सोपं होतं: आर = २ × बल × कॉस (अर्धा कोन). ९० अंशांना बलाच्या १.४१४ पट, १२० अंशांना बरोबर बलाएवढंच. १२० अंशांचं हे लक्षात ठेवा, परीक्षेत वारंवार येतं.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलोचं टोमॅटोचं क्रेट दोघांनी दोन बाजूंनी उचललं, तर वजन सुमारे २०० न्यूटन. दोघांचेही हात सरळ वर खेचत असतील तर प्रत्येकी १०० न्यूटन. ते लांब लांब उभे राहिले आणि हातांमध्ये ९० अंशांचा कोन झाला तर प्रत्येकी १४१. कोन १२० झाला तर प्रत्येकाला २०० न्यूटनचा जोर लावावा लागतो, म्हणजे एकट्याने सरळ उचललं असतं तेवढाच. उचलताना जवळ जवळ उभं राहायचं ते यासाठी.

घरी करून बघायचं असेल तर सामान तोलायचे दोन हँगिंग काटे आणा. पाण्याने भरलेली २ लिटरची बाटली आधी एका काट्यावर तोला. मग बाटलीच्या गळ्याला दोन सुतळ्या बांधून प्रत्येक सुतळी एकेका काट्याला अडकवा, दोघांनी काटे धरा आणि हळूहळू बाजूला सरका. बाटली २ किलोची धरली तर सुतळ्या समांतर असताना दोन्ही काटे १ किलो दाखवतील, ६० अंशांना सुमारे १.१५, ९० ला १.४१, १२० ला २ आणि १५० ला सुमारे ३.८६. कोन मागे उभ्या धरलेल्या पुठ्ठ्यावर आखून घ्या. काट्यांची अचूकता बेताची असते, त्यामुळे शेवटचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढण स्पष्ट दिसते. मग सुतळ्या अगदी एका सरळ रेषेत आणायचा प्रयत्न करा. जमणार नाही. १८० अंशांना दोन समान बलांचं परिणामी बल शून्य असतं, आणि शून्याने बाटली कशी तोलणार? कितीही ओढलंत तरी मधे थोडा झोळ राहतोच.

द्राक्षबागेतला कडेचा खांब

निफाड, दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहा. मांडवाच्या तारा ओळीच्या आतल्या दिशेने आडव्या ओढलेल्या असतात. त्या ताणाने कडेचा खांब आत झुकेल, म्हणून बाहेरच्या बाजूला जमिनीत अँकर पुरून खांबाच्या डोक्यापासून तिथपर्यंत तिरकी तार देतात. खांबाच्या डोक्यावर दोन बलं: एक आत आडवं, दुसरं बाहेर आणि खाली तिरकं. खांब उभा राहायचा तर या दोघांचं परिणामी बल सरळ खाली, खांबाच्या रेषेत यायला हवं.

मांडवाच्या तारेचा ताण १००० न्यूटन धरू आणि तिरकी तार जमिनीशी ४५ अंशांत आहे असं धरू. दोन ताणांमधला कोन किती? ४५ नाही. मांडवाची तार आत जाते, तिरकी तार बाहेर आणि ४५ अंश खाली, म्हणून शेपटं जुळवून मोजलेला कोन १३५ अंश. परिणामी बल मांडवाच्या तारेशी काटकोनात हवं, म्हणजे टॅनच्या सूत्रात खालची राशी शून्य हवी: १००० + क्यू × कॉस १३५ = ०. यातून क्यू = १४१४ न्यूटन. परिणामी बल १००० न्यूटन, सरळ खाली.

आता जागा वाचवायला अँकर खांबाच्या जवळ घेतला आणि तार जमिनीशी ६० अंशांत आली तर? मधला कोन १२० अंश. १००० + क्यू × कॉस १२० = ०, म्हणून क्यू = २००० न्यूटन. खांबावर खाली येणारं बल १७३२ न्यूटन. मांडवाचा ताण तेवढाच आहे, पण तिरक्या तारेवरचा ताण दीडपटीच्या आसपास गेला आणि खांब जमिनीत दाबणारं बल पावणेदोन पटीच्या जवळ पोहोचलं. अँकर लांब पुरावा, असं बागेत सांगतात, त्यामागे बलांच्या बेरजेचा हाच नियम आहे. शेपटं जुळवलेले दोन बाण शेजारच्या बाजू धरून समांतरभुज चौकोन काढला की त्याचा त्या शेपटांपासून निघणारा कर्ण म्हणजे परिणामी बल, म्हणून त्याला समांतरभुज चौकोनाचा नियम म्हणतात.

हाच नियम न्यूटनने १६८७ मध्ये आपल्या ग्रंथात गतीच्या तीन नियमांच्या लगेच खाली पहिला उपसिद्धांत म्हणून मांडला. इतक्या वर मांडला, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सातवी पायरी: तीन बलं

तीन बलांचं परिणामी बल शून्य होऊ शकतं का, हा प्रश्न खरं तर दोन बलांच्या हद्दीचाच आहे. कुठलीही दोन बलं घ्या, त्यांची हद्द काढा, तिसरं बल त्या हद्दीत बसतं का बघा. बसलं तर ते विरुद्ध दिशेने लावून शून्य साधता येतं.

५, ८, १४: पहिल्या दोघांची हद्द ३ ते १३. १४ बाहेर. शून्य अशक्य.
१०, १०, २०: हद्द ० ते २०. २० अगदी टोकावर, म्हणजे शक्य, पण तिन्ही बलं एकाच रेषेत असतील तरच.
३, ४, ५: हद्द १ ते ७. शक्य. इथे ३ आणि ४ मध्ये काटकोन असतो.

थोडक्यात तपासायचं तर सर्वांत मोठं बल बाकीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावं.

परीक्षेच्या खोलीत

एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकीला १ जातो. त्यामुळे नीट देणाऱ्यांना हद्द फार उपयोगी पडते: चारपैकी दोन पर्याय हद्दीबाहेरचे निघाले तर आकडेमोड करण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं.

एक नेहमीचा प्रकार असा: दोन बलांचं जास्तीत जास्त परिणामी बल १७ न्यूटन आणि कमीत कमी ७ न्यूटन, तर ती काटकोनात असताना किती? बेरीज १७, वजाबाकी ७. दोन्ही मिळवून अर्धं केलं की मोठं बल १२, वजा करून अर्धं केलं की लहान ५. काटकोनात १४४ + २५ = १६९, उत्तर १३.

दुसरा प्रकार विधानाचा: ‘परिणामी बल दोन्ही बलांपेक्षा नेहमी मोठं असतं.’ चूक. ८ आणि ५ चं ७ आलं, ते ८ पेक्षा लहान आहे. ३ आलं, ते तर दोघांपेक्षाही लहान आहे.

बलं तीनपेक्षा जास्त असतील किंवा कोन अडनिडे असतील तर प्रत्येक बलाचे आडवे आणि उभे घटक काढा, आडव्यांची बेरीज, उभ्यांची बेरीज आणि मग पायथागोरस. हे सगळ्या पुस्तकांत चांगलं दिलेलं आहे, इथे वेगळं सांगत नाही.

सरावासाठी

पहिलं: ६ आणि १० न्यूटनच्या बलांचं परिणामी बल ३, ४, १४, १६ यांपैकी किती असू शकत नाही?

दुसरं: ७ आणि ७ न्यूटनच्या बलांचं परिणामी बल ७ न्यूटन आहे, तर मधला कोन किती?

तिसरं: ६ आणि १० न्यूटनच्या बलांचं परिणामी बल १४ न्यूटन आहे, तर मधला कोन किती?

चौथं: १२ न्यूटनच्या बलाबरोबर दुसरं बल १५० अंशांच्या कोनात आहे. परिणामी बल कमीत कमी व्हावं म्हणून ते किती न्यूटनचं घ्यावं?

उत्तरं: पहिल्यात ३, कारण हद्द ४ ते १६. दुसऱ्यात १२० अंश. तिसऱ्यात (१९६ − १३६) ÷ १२० = ०.५, म्हणून ६० अंश. चौथ्याला सूत्र नको, कंपासची आकृती काढा: १२ सेंटिमीटरच्या बाणाच्या टोकाला त्रिकोणाच्या आत ३० अंशांचा कोन होतो, ‘अ’ वरून त्या रेषेवर लंब टाका. लंबाची लांबी १२ × साइन ३० = ६, हे कमीत कमी परिणामी बल. त्यासाठी दुसरं बल १२ × कॉस ३०, म्हणजे सुमारे १०.३९ न्यूटनचं लागतं.